कोलोरॅडोतलं एअर फोर्स अकादमीचं चॅपल: छत एक, दारं वेगवेगळी

डोंगरवाट

कोलोरॅडोत पाहुणे आले की आपली मंडळी त्यांना गार्डन ऑफ द गॉड्सचे लाल खडक दाखवतात, पाइक्स पीकवर नेऊन आणतात आणि संध्याकाळी डेन्व्हरला परततात. जाता-येता आय-२५ या महामार्गावरून पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एअर फोर्स अकादमी, म्हणजे अमेरिकन हवाई दलाचे अधिकारी घडवणारी संस्था, दिसते, पण तिकडे गाडी वळवणारे फार थोडे. सैन्याची जागा, आपल्याला कोण आत सोडणार, असा समज असतो. म्हणून हा धागा. त्यातही तिथल्या कॅडेट चॅपलबद्दल, म्हणजे कॅडेटांच्या प्रार्थनामंदिराबद्दल, मला बरंच लिहायचं आहे. एकाच इमारतीत निरनिराळ्या धर्मांना जागा कशी द्यायची, या प्रश्नावर इतका नीट विचार केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १ एप्रिल १९५४ रोजी अकादमीच्या कायद्यावर सही केली. पहिली तुकडी १९५५ मध्ये डेन्व्हरच्या लॉरी तळावर दाखल झाली, १९५८ मध्ये सगळे या जागी आले आणि १९५९ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. उंची ७,२५८ फूट आहे. ज्येष्ठांना नेणार असाल तर सावकाश चालवा आणि पाणी जवळ ठेवा, दम लागतो.

कॅडेटांचा सगळा परिसर ७ फुटांच्या मापावर आखलेला आहे. मधल्या भल्यामोठ्या फरसबंद चौकाला टेराझो म्हणतात. त्यात संगमरवरी पट्ट्यांनी २८ फुटी चौकोन पाडलेत. पहिल्या वर्षाच्या मुलांनी चौकातून तिरकं जायचं नाही, पट्ट्यांवरूनच जायचं, तेही पळत, आणि वळायचं ते काटकोनात. दुपारच्या जेवणाआधी सगळे रांगा लावून तालात मिचेल हॉलकडे जेवायला जातात. चॅपलजवळच्या कठड्यावरून हे छान दिसतं. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची तुकडी आत जाईपर्यंत ते कठड्यापासून हलले नाहीत.

चॅपल २०१९ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं, त्याच्या आदल्या वर्षी आम्ही ते आतून पाहिलं. बाहेरून ॲल्युमिनियमची १७ टोकं, १५० फूट उंच. मुख्य मजल्यावर प्रॉटेस्टंट चॅपल, १,२०० माणसं बसतील एवढं. खालच्या मजल्यावर ५०० जणांचं कॅथलिक चॅपल आणि १०० जणांचं ज्यू प्रार्थनास्थळ. पुढे २००७ मध्ये खालीच बौद्धांसाठी एक लहानसा धर्मकक्ष झाला. मुस्लिमांसाठी नमाजाची जागा आहे, आणि छोट्या गटांसाठी सर्वधर्मीय खोली.

वरच्या चॅपलमध्ये शिरलं की आधी काचा लक्ष वेधतात. उतरत्या भिंतींच्या मधल्या अरुंद फटी रंगीत काचांनी भरल्यात. दाराशी रंग गडद आहेत आणि वेदीकडे जाल तसे ते उजळत जातात. वेदीवर टांगलेला ४६ फुटी क्रॉस. पण बाबा थांबले ते बाकांपाशी. बाकाच्या टोकाची लाकडी फळी पहिल्या महायुद्धातल्या विमानाच्या पंख्याच्या पात्यासारखी घडवलेली आहे. बाकाच्या पाठीवर वरच्या कडेने ॲल्युमिनियमची पट्टी आहे, लढाऊ विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेचा आकार दिलेली. बाबांनी त्या पात्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरगं इथं बसलं की आपण कशासाठी आलोय ते विसरायचं नाही."

खाली उतरल्यावर सगळं बदलतं. कॅथलिक चॅपलमध्ये वेदीमागे निळ्या-करड्या काचतुकड्यांचं आकाश, त्यात मेरी आणि देवदूत गॅब्रिएल. ज्यूंची जागा गोल आहे, भोवती उभ्या पट्ट्यांची पारदर्शक भिंत. वाळवंटातल्या तंबूची आठवण राहावी म्हणून ती अशी केली आहे. भोवतालच्या जागेतली फरशी जेरुसलेमच्या तपकिरी दगडाची, इस्रायलच्या सैन्याने भेट दिलेली. बौद्धांचा कक्ष लाकडी, नीटस, कोणीही जमिनीवर मांडी घालून बसावं असा.

बाबांनी तिथल्या स्वयंसेवकाला विचारलं, वर भजन चालू असताना खाली त्रास होत नाही का? तो म्हणाला, प्रत्येकाचं दार वेगळं आहे आणि आवाज एकमेकांकडे जाणार नाही अशी रचना आहे, त्यामुळे एकाच वेळी सगळ्यांच्या प्रार्थना चालू शकतात. बाबा मला म्हणाले, "आमच्याकडं एकाच हॉलात सगळं. ह्यांनी घरं वेगळी केली, वाडा एक ठेवला."

मला ही वेगळ्या दारांची पद्धत पटते. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर घरापासून हजारो मैलांवर येतं, सकाळपासून रात्रीपर्यंत त्याला इतरांसारखं वागायला शिकवतात. गणवेश सारखा, चाल सारखी, जेवायला बसण्याची रीतसुद्धा सारखी. आठवड्यातला एखादा तास तरी त्याला त्याच्या घरच्या प्रार्थनेचे शब्द, घरचाच सूर मिळायला हवा. सगळ्यांना चालेल असं काहीतरी मधलं देऊन ती गरज भागत नाही. तुम्हाला काय वाटतं, आणि भारतातल्या छावण्यांत काय पाहिलंत, ते लिहा.

अबोली_ना

सुंदर लिहिलंत. बाकांचं वाचून अंगावर काटा आला. हिंदू मुलांसाठी तिथे काही होतं का?

डोंगरवाट

धन्यवाद अबोली. स्वतंत्र देऊळ त्या इमारतीत नव्हतं. ज्या धर्मांना स्वतःचा कक्ष नाही त्यांच्यासाठी ती सर्वधर्मीय खोली. शिवाय निसर्गपूजक पंथांसाठी २०११ मध्ये टेकडीवर उघड्यावर दगडांचं वर्तुळ केलंय, त्याला फाल्कन सर्कल म्हणतात. म्हणजे गरज दिसली की जागा काढायची, हे धोरण पुढेही चालू राहिलं.

कमान_आणि_खांब

मी वास्तुरचनाकार आहे. शिकताना या इमारतीवर प्रकल्प केला होता, त्यामुळे राहवत नाही.

रचना वॉल्टर नेच यांची, संस्था स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल. काम हाती आलं तेव्हा नेच पस्तिशीच्याही आत होते. त्यांनी युरोपात जाऊन पॅरिसचं सेंत शापेल आणि असिसीची बॅसिलिका पाहिली. असिसीला एकावर एक अशी दोन चर्चेस आहेत. मजल्यांची कल्पना तिथून आली. आराखडा जाहीर झाल्यावर मोठं वादंग झालं, अमेरिकन संसदेतही त्यावर वाद रंगले. हे प्रार्थनास्थळ वाटतच नाही, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. पैशांच्या ओढाताणीत टोकांची संख्या कमी करून १७ वर आणली. १९६२ ला बांधून पूर्ण, १९६३ ला समर्पण.

इमारतीला वेगळ्या भिंती आणि वेगळं छप्पर नाहीच. पोलादी नळ्यांचे १०० चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे पोकळ घन, एकमेकांना जोडत वर नेलेत आणि बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे चढवलेत. दोन घनांच्या मधल्या फटीत काचा. अशा रचनेत सांधे हजारोंनी असतात आणि प्रत्येक सांधा पाण्याला वाट देऊ शकतो. नेच यांना हे पुरतं ठाऊक होतं. पाणी आत झिरपलं तरी ते धरून बाहेर काढणारी पन्हळींची व्यवस्था त्यांनी काढून दिली होती. खर्च वाचवायला ती गाळली आणि सांध्यांमध्ये नुसतं सीलंट भरलं. कौलं न घालता फटींत चुना लिंपून पावसाळा काढायला निघावं, तसं झालं. कोलोरॅडोत दिवसा कडक ऊन, रात्री गोठवणारी थंडी. धातू रोज ताणतो, रोज आखडतो, सीलंट फाटतं. पहिल्या वर्षांपासून गळती लागली ती लागलीच. ज्या वास्तूला १९९६ मध्ये अमेरिकन वास्तुविशारद संस्थेचा, काळाच्या कसोटीला उतरलेल्या वास्तूंसाठीचा पंचवीस वर्षांचा पुरस्कार मिळाला आणि २००४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तिच्यात पाऊस आला की पाणी गळायचं.

सप्टेंबर २०१९ मध्ये बंद केलं ते याचसाठी. संपूर्ण इमारतीभोवती एक अजस्र पेटी उभारली, म्हणजे आत हवामानाची बाधा न होता काम करता येईल. पत्रे उतरवायचे, २४,०००हून अधिक काचा काढून दुरुस्त करायच्या, आणि नेच यांनी सांगितलेली पाणी काढून देण्याची व्यवस्था आता बसवायची. मूळ कंत्राट १५.८ कोटी डॉलरचं. उघडल्यावर अंदाजापेक्षा जास्त ॲस्बेस्टॉस सापडलं, तेव्हापासून खर्च आणि मुदत दोन्ही वाढत गेलेत. १९६० च्या सुमारास सगळी इमारत ३५ लाख डॉलरमध्ये उभी राहिली होती. आपल्याकडे सरकारी कामात निविदा खाली आणायला पाण्याचा निचरा आणि वॉटरप्रूफिंग आधी छाटतात, त्या प्रत्येक अभियंत्याला हे उदाहरण तोंडपाठ असावं असं मला मनापासून वाटतं.

फौजी_घर

डोंगरवाट, तुमच्या बाबांना माझा रामराम सांगा. त्यांचं वाक्य मला फार पटलं, पण मी एकाच हॉलच्या बाजूने बोलणार आहे.

माझे यजमान निवृत्त लष्करी अधिकारी. आमचा संसार छावण्यांत झाला. जिथे पलटणीत सगळ्या धर्मांचे जवान असतात तिथे सर्वधर्मस्थळ असतं. एकच इमारत, आत एका ओळीत देवाची मूर्ती, गुरू ग्रंथसाहिब, कुराण, क्रॉस, काही ठिकाणी बुद्ध. रविवारी मंदिर परेड. जोडे बाहेर काढून साहेब, मेमसाहेब, जवान, मुलंबाळं सगळे एकाच सतरंजीवर. आधी आरती, मग अरदास म्हणजे शिखांची प्रार्थना, आपापल्या पाळीने धर्मगुरू सांगणार, शेवटी प्रसाद. माझ्या मुलांना अरदास पाठ आहे आणि आरतीही. दोन्ही त्यांना घरचंच वाटतं.

इथे एक माहिती देते, कारण बाहेरच्या लोकांना हे फारसं ठाऊक नसतं. आपल्या सैन्यात धर्मगुरू हे रीतसर भरती होणारं पद आहे. पंडित, गुरखा पलटणींसाठी वेगळे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, आणि लडाख स्काउट्ससाठी बौद्ध भिक्खू. नायब सुभेदार म्हणून त्यांची नेमणूक होते. अमेरिकेत चॅप्लेन हा कमिशन्ड अधिकारी असतो. आपल्याकडे धर्मगुरू जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर असतो, जवानाच्या जवळचा. रुग्णालयात पडलेल्याच्या उशाशी बसणं, अंत्यविधी करणं, शिक्षा भोगणाऱ्या जवानाला भेटणं ही त्याचीच कामं.

आणि कसम परेड कुणी पाहिली नसेल तर जरूर पाहा. रंगरूट शपथ घेतात तेव्हा धर्मगुरू आपापला ग्रंथ घेऊन मैदानावर येतात. गीता, ग्रंथसाहिब, कुराण, बायबल. ज्याचा जो ग्रंथ त्याच्यासमोर तो शपथ घेतो, राष्ट्रध्वजाच्या साक्षीने, सगळ्यांची शपथ तीच. म्हणजे तुम्ही म्हणता तो घरचा सूर आपल्याकडेही जपलाय. फक्त तो एकमेकांच्या देखत जपलाय. ज्याच्या शेजारी उद्या खंदकात बसायचं, तो देवाला कसा हात जोडतो हे आपण पाहिलेलं असावं. दारं वेगळी केली की ते दिसत नाही.

तर्कवेल

चर्चा चांगली चालली आहे, पण दोन्ही बाजूंना एक प्रश्न विचारतो: त्या दारातून आत न जाण्याची मुभा आहे का?

अमेरिकेत १९७२ पर्यंत ती नव्हती. भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या तिन्ही अकादम्यांत रविवारी चर्चला किंवा सिनेगॉगला हजेरी सक्तीची होती. कॅडेट आणि मिडशिपमन (नौदल अकादमीचे विद्यार्थी) कोर्टात गेले, अँडरसन विरुद्ध लेअर्ड हा तो खटला. सैन्याचं म्हणणं होतं की ही पूजा नसून नेतृत्वाचं प्रशिक्षण आहे. पुढे ज्यांच्या हाताखाली भाविक जवान असतील त्या अधिकाऱ्याला श्रद्धा कळायला हवी. अपील न्यायालयाने ते मानलं नाही आणि सक्ती गेली. म्हणजे या देखण्या इमारतीत पहिली जवळपास दहा वर्षं मुलं हुकमाने बसत होती.

सक्ती गेली म्हणून दडपण गेलं असंही नाही. २००४-०५ मध्ये याच अकादमीत तक्रारी झाल्या की काही वरिष्ठ आणि सहाध्यायी इव्हँजेलिकल या ख्रिश्चन पंथाचा प्रचार करतात, ज्यू आणि इतर मुलांना ऐकून घ्यावं लागतं. एअर फोर्सच्या समितीने जून २००५ मध्ये अहवाल दिला. उघड भेदभाव आढळला नाही, पण इतरांच्या श्रद्धेबद्दल असंवेदनशीलता आहे, असं त्यात नोंदवलं आणि त्यानंतर मार्गदर्शक सूचना निघाल्या. छत एक आहे, दारं वेगळी आहेत, तरीही हे घडलं.

इमारतही बघा ना. वर उजेडात १,२०० जणांचं प्रॉटेस्टंट चॅपल, बाकी सगळे खाली. बौद्धांना जागा मिळाली ती ४० हून अधिक वर्षांनी.

आणि फौजी_घर ताई, आपल्याकडचंही बोलायला हवं. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका ख्रिश्चन अधिकाऱ्याची बडतर्फी कायम केली. तो रेजिमेंटच्या धार्मिक परेडला हजर राहायचा, पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला त्याने नकार दिला होता. युक्तिवाद जवळजवळ तोच, जो अमेरिकन सैन्याने १९७२ मध्ये केला होता. निकाल उलटा लागला.

डोंगरवाट

तर्कवेल, मजल्यांच्या उतरंडीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत कोणाची संख्या किती आणि वजन किती, ते त्या इमारतीत जसंच्या तसं उतरलंय. पण मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खालचे कक्ष म्हणजे वरच्याचीच छोटी प्रत नव्हे. ज्यूंची जागा आखताना तंबूचा विचार केला, कॅथलिकांसाठी येशूच्या क्रूसयात्रेचे टप्पे संगमरवरात कोरून घेतले. संख्येने कमी असलेल्यांनाही त्यांच्या परंपरेतला आकार मिळाला. ज्यू कक्षाबाहेर नाझींच्या तावडीतून वाचलेली तोराची (ज्यूंच्या धर्मग्रंथाची) गुंडाळी काचेत ठेवली होती. आई तिथे बराच वेळ थांबली, तिच्याबद्दलचं सगळं वाचून काढलं. एकाच हॉलातल्या ओळीत प्रत्येकाच्या वाट्याला चौरंगाएवढी जागा येते, तिथे असं काही ठेवता येणार नाही.

१९७२ च्या निकालाने मात्र माझ्या मते या इमारतीचं भलंच झालं. त्यानंतर जो तिथे बसला तो स्वतःहून.

हडसन_किनारी

तुलनेसाठी लिहिते. वेस्ट पॉइंटला, म्हणजे भूदलाच्या अकादमीत, सगळं वेगवेगळं आहे. डोंगरावरचं गॉथिक धाटणीचं कॅडेट चॅपल १९१० चं, कॅथलिकांचं त्याच्याही आधीचं, ज्यूंचं १९८४ चं. ॲनापोलिसला नौदल अकादमीचं घुमटाचं चॅपल आणि त्याच्या तळघरात जॉन पॉल जोन्स या जुन्या नौदलवीराची समाधी. ज्यूंसाठी यूराया लेव्ही केंद्र २००५ मध्ये झालं. जुन्या अकादम्यांत एकाची वास्तू झाली की कित्येक वर्षांनी दुसऱ्याची. कोलोरॅडोची अकादमी कोऱ्या जमिनीवर उभी राहिली, म्हणून निदान तिघांचा विचार पहिल्याच दिवशी करता आला. तर्कवेल, उतरंड आहे खरी, पण वेस्ट पॉइंटच्या ज्यू कॅडेटांना स्वतःच्या इमारतीची १९८४ पर्यंत वाट पाहावी लागली, हेही लक्षात घ्या.

सातारकर_७७

मुलगी डेन्व्हरला आहे, उन्हाळ्यात येतोय. गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे हे बघायचंच. आत्ता जाता येईल का? काय कागद लागतील?

डोंगरवाट

या काका, नक्की या. आत सोडण्याचे नियम सुरक्षेप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी अकादमीचं अधिकृत संकेतस्थळ मुलीला बघायला सांगा. पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही. उत्तरेच्या फाटकाजवळ बी-५२ बॉम्बर उभं केलंय. ते जवळून बघा, आकाराची कल्पना फोटोवरून येत नाही. चॅपलच्या जागी काम सुरू असेपर्यंत ती पेटीच दिसेल. प्रार्थना सध्या परिसरातल्या दुसऱ्या इमारतींत होतात. कॅडेटांची दुपारची रांग बघायला मिळाली तर सोडू नका, पण ती सुट्टीच्या काळात नसते. मेअखेरीस पदवीदान असतं, त्या आठवड्यात गर्दी फार.

फौजी_घर

तर्कवेल, तुम्ही त्या अधिकाऱ्याचं नाव न घेता सरळ विचारलंत, तर मीही सरळ उत्तर देते. त्या निकालावर आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर खूप बोलणं झालं. यजमानांचं मत न्यायालयासारखंच. जवानांचा जो धर्म तोच कमांडरचा धर्म, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं. शिखांच्या तुकडीत असताना पगडी बांधली, गुरुपुरबाला लंगरमध्ये वाढलं. त्यांच्या मते जवान अधिकाऱ्याच्या मागे गोळ्यांत जातो, तर अधिकाऱ्याने जवानाच्या मागे गाभाऱ्यात जायला काय हरकत.

मला तेवढी खात्री नाही. माझ्या मुलांना अरदास आवडते कारण त्यांना कोणी ती म्हणायला लावली नाही. हजर राहणं आणि स्वतः पूजा करणं यात फरक आहे, आणि ज्याचा देव त्याला दुसऱ्या मूर्तीपुढे हात जोडू देत नाही त्याच्यासाठी तो फरक फार मोठा आहे. त्याने दाराशी उभं राहून टोपी काढली, तर जवानांना ते समजावून सांगता येईल, असं मला वाटतं. यजमान म्हणतात, शांततेत समजावता येईल, लढाईत वेळ नसतो. आमचं यावर अजून एकमत नाही.

कमान_आणि_खांब

ताई, तुम्ही दोघांचंही मत मांडलंत ते फार बरं झालं. एक रचनेचा मुद्दा जोडतो. सर्वधर्मस्थळाची इमारत बहुतेक ठिकाणी एकाच नमुन्याची असते, एक हॉल आणि एक चौथरा. त्याच जमिनीवर एक समाईक मंडप आणि त्याला लागून प्रत्येकाचा स्वतंत्र छोटा कक्ष सहज बसतो. परेड मंडपात एकत्र, पूजा आपापल्या कक्षात. ज्याला फक्त मंडपापर्यंत यायचंय त्याला वेगळं पाडल्यासारखं वाटणार नाही. एखाद्या छावणीत असं केलेलं कोणी पाहिलं असेल तर इथे जरूर लिहा, मला ते आराखडे बघायचे आहेत.